न्यूमेरिकल मेथड्सचं पहिलं सत्र: उत्तराचे किती अंक खरे?

बी.एस्सी. गणित, कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, एम.एस्सी. फिजिक्स. शाखा कुठलीही असो, न्यूमेरिकल मेथड्सचा पेपर कधी ना कधी समोर येतोच. यादीही बहुतेक ठरलेली असते: बायसेक्शन, रेग्युला फाल्सी, न्यूटन-रॅफसन, गाउस एलिमिनेशन, गाउस-सायडेल, फरकांच्या सारण्या, लॅग्रांज, ट्रॅपेझॉइडल, सिम्प्सन, ऑयलर, रुंगे-कुट्टा. ही यादी सूत्रं म्हणून पाठ केली तर पेपर सुटतो, पण विषय हाती लागत नाही. विषयाचा खरा प्रश्न एकच आहे: यंत्राने दहा अंकी उत्तर दिलं, त्यातले किती अंक खरे? प्रत्येक पद्धत शिकताना हा प्रश्न विचारायची सवय लागावी, म्हणून पुढचा क्रम दिला आहे. (^ हे चिन्ह इथे घातासाठी वापरलं आहे.)

सुरुवातीला: जुनं गणित किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. टेलरचा विस्तार, मध्यमूल्य प्रमेय आणि दोन-तीन अज्ञातांची रेषीय समीकरणं हाताने सोडवण्याची सवय एवढं पक्कं असलं की पुरे. त्यातही टेलरवर जास्त वेळ द्या, आणि विस्ताराबरोबर उरलेल्या पदाकडेही लक्ष ठेवा. फ(क्ष + ह) चा विस्तार ह च्या चौथ्या घातापर्यंत न बघता लिहिता आला पाहिजे. ट्रॅपेझॉइडलची चूक ह^२ च्या प्रमाणात का (ह म्हणजे पावलाची लांबी) आणि सिम्प्सनची ह^४ च्या का, या दोन्हींचं उत्तर त्याच विस्तारात आहे. तो येत असेल तर चुकांची सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

साधनं

कॉलेजने सायलॅब किंवा सी ठरवून दिलं असेल तर तेच वापरा. निवड तुमच्या हातात असेल तर पायथन आणि त्याबरोबर नमपाय (मॅट्रिक्स हाताळणारी पायथनची लायब्ररी) घ्या. लॅपटॉप जुना असेल तर गुगल कोलॅबमध्ये ब्राउझरवरच काम भागतं. मॅटलॅबचं लायसन्स नसेल तर ऑक्टेव्ह फुकट मिळतं आणि आज्ञाही जवळपास त्याच चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही पाठ आहेत. कीबोर्डची भीती असेल तर तिथून सुरुवात करा.

नवख्यांचा सर्वाधिक वेळ काही ठरावीक ठिकाणी जातो. पायथनमध्ये घातासाठी दोन तारका लागतात. तिथे २^३ लिहिलं तर एरर येत नाही, उत्तर मुकाट्याने १ येतं, कारण ते चिन्ह बिटांच्या वेगळ्या क्रियेचं आहे. सी मध्ये १/२ म्हणजे शून्य, म्हणून १.०/२.० लिहायचं, आणि चल फ्लोट नाही तर डबल घ्यायचे. नमपायमध्ये मॅट्रिक्सच्या सगळ्या संख्या पूर्णांकात लिहिल्या तर ती मॅट्रिक्सच पूर्णांकांची होते. मग एलिमिनेशन करून नवी ओळ तिच्यात ठेवताना अपूर्णांकाचा भाग गुपचूप छाटला जातो आणि उत्तर भलतंच येतं. उपाय सोपा आहे: निदान एक संख्या दशांश चिन्हासह लिहा. शिवाय ब = अ लिहिल्याने मॅट्रिक्सची प्रत तयार होत नाही, एकाच मॅट्रिक्सला दुसरं नाव मिळतं. एलिमिनेशननंतर मूळ मॅट्रिक्स घेऊन ताळा करायला गेलात तर ती आधीच बदललेली असते.

पहिली पायरी: यंत्र संख्या कशी धरतं ते बघा

कुठलीही पद्धत शिकण्याआधी प्रयोगशाळेतला पहिला तास यासाठी द्या. ०.१ + ०.२ ची बेरीज करून सतरा अंक छापा. ०.३०००००००००००००००४ दिसेल. पायथन बिघडलेलं नाही. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत अनंत आवर्ती अपूर्णांक होते आणि यंत्राकडे ठेवायला ५३ द्विमान अंकांचीच जागा असते. दशमान हिशेबात ते साधारण सोळा अंक भरतात. १ च्या लगेच पुढची संख्या २.२ × १०^−१६ इतक्या अंतरावर असते, मधलं काही यंत्राला दिसत नाही. १ मध्ये १०^−१६ मिळवून बघा, १ च येतो.

आता ०.१ दहा वेळा मिळवा. येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. यातून दोन नियम निघतात. दशांश संख्या दुसरीच्या बरोबर आहे का हे कधी तपासायचं नाही, फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का ते बघायचं. आणि 'वेळ १ पेक्षा लहान आहे तोवर ०.१ मिळवत राहा' असं लूप लिहायचं नाही, कारण ते दहाऐवजी अकरा वेळा फिरतं. पावलांची संख्या पूर्णांकात मोजा आणि वेळ दर पावलाला गुणाकाराने काढा.

हा केसभर फरक किती महागात पडू शकतो ते २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरान इथे दिसलं. पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे आणि त्याला गुणायचा ०.१ हा २४ बिटांत छाटून ठेवलेला होता. दर दशांशाला चूक सुमारे ०.०००००००९५. यंत्रणा सलग १०० तास चालू राहिली, म्हणजे ३६ लाख दशांश, आणि साचलेली चूक ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारं स्कड (इराकी क्षेपणास्त्र) अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. यंत्रणेने ते चुकीच्या जागी शोधलं, आणि २८ अमेरिकन सैनिक मरण पावले.

त्याहून नेहमीचा धोका म्हणजे जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी. क्ष^२ − १०^८ क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण शाळेतल्या सूत्राने यंत्रावर सोडवा. लहान मूळ १०^−८ च्या अगदी जवळ असायला हवं, पण यंत्र देतं सुमारे ०.७४५ × १०^−८. पंचवीस टक्के चूक, आणि कुठेही इशारा नाही. वर्गमूळ १०^८ च्या इतकं जवळ येतं की वजाबाकीत खरे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि राउंडिंगचा गाळ उरतो. इथे वजाबाकी टाळता येते. मोठं मूळ बेरजेच्या चिन्हाने काढा आणि दोन्ही मुळांचा गुणाकार १ आहे हे वापरून लहान मूळ भागाकाराने मिळवा. सूत्र गणितात बरोबर असलं तरी यंत्रावर चुकू शकतं, हे या एका उदाहरणातून कायमचं लक्षात राहतं.

दुसरी पायरी: समीकरणाचं मूळ

आधी आलेख काढा, मग पद्धत निवडा. बायसेक्शन संथ आहे पण भरवशाचं: १ लांबीच्या अंतरापासून १०^−१० पर्यंत जायला ३४ पावलं लागतात, आणि हा आकडा सुरू करण्यापूर्वीच सांगता येतो. त्याला दोन टोकांना विरुद्ध चिन्हं लागतात, आणि मध्ये फलन सलगही हवं. १ ते २ मध्ये टॅन क्ष चं चिन्ह बदलतं, पण तिथे मूळ नाही. बायसेक्शन मात्र खुशाल १.५७०८ कडे जातं आणि तेच मूळ म्हणून सांगतं. शेवटी फलनाची किंमत छापली असती तर ती शून्याकडे जायच्या ऐवजी फुगताना दिसली असती.

न्यूटन-रॅफसन कॅल्क्युलेटरवर करताना संपूर्ण सूत्र दर वेळी टाइप करू नका. २ च्या वर्गमूळासाठी आधी १ दाबून बरोबरचं बटण दाबा. मग (आन्सर + २ ÷ आन्सर) ÷ २ एकदाच लिहा आणि बरोबरचं बटण दाबत राहा: १.५, १.४१६६६६७, १.४१४२१५७, १.४१४२१३५६२३७५. दर पावलाला खरे अंक साधारण दुप्पट होताना दिसतात. तसे होत नसतील तर डेरिव्हेटिव्ह चुकला आहे किंवा ते दुहेरी मूळ आहे. दुहेरी मुळाजवळ चूक दर पावलाला फक्त निम्मी होते.

न्यूटन पद्धत कधीकधी पोहोचतही नाही. क्ष^३ − २क्ष + २ घ्या आणि ० पासून सुरू करा: पुढे १, मग पुन्हा ०, मग १, असंच चालत राहतं. म्हणून प्रोग्राममध्ये जास्तीत जास्त पावलांची मर्यादा घालायलाच हवी, ५० पुरते. ती ओलांडली तर शेवटची संख्या उत्तर म्हणून छापायची नाही, 'मूळ मिळालं नाही' असं छापायचं.

थांबायचं कधी, याचे दोन निकष आहेत: सलग दोन अंदाजांतला फरक, आणि फलनाची किंमत. दोन्ही तपासा. (क्ष − १)^१० मध्ये क्ष = १.१ टाकलं तर किंमत १०^−१० येते, म्हणजे जवळजवळ शून्य, पण मूळ अजून ०.१ लांब आहे.

कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे ना, हे परीक्षेत पेपर हातात आल्या आल्या बघा. तपासायची सोपी खूण: कुठलीही संख्या घेऊन कॉस पुन्हा पुन्हा दाबत राहा. रेडियन असेल तर ०.७३९०८५ वर स्थिरावतं, डिग्री असेल तर ०.९९९८५ वर. या एका बटणापायी पूर्ण प्रश्नाचे गुण जातात.

तिसरी पायरी: रेषीय समीकरणं

न अज्ञातांसाठी गाउस एलिमिनेशनला सुमारे न^३/३ गुणाकार लागतात. डिटर्मिनंट पसरवून क्रेमरच्या नियमाने गेलात तर काम फॅक्टोरियलच्या वेगाने वाढतं. २० समीकरणांतच ते आवाक्याबाहेर जातं. मॅट्रिक्सचा व्यस्त काढून गुणणंही टाळा: काम जास्त होतं आणि अचूकता सहसा कमी मिळते. नमपाय, ऑक्टेव्ह, सायलॅब या सगळ्यांत समीकरणं थेट सोडवण्याची आज्ञा आहे.

पिव्हट (ज्या संख्येने भागून स्तंभातल्या खालच्या संख्या शून्य करतो ती) का बदलायचा, हे तीन सार्थ अंकांत हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २ घ्या. पहिल्या समीकरणाला १०,००० ने गुणून वजा केलं की −९९९९य = −९९९८ मिळतं. तीन अंकांत दोन्ही बाजू −१०,००० होतात. य = १, आणि मागे जाऊन क्ष = ०. खरं उत्तर क्ष = १.०००१, य = ०.९९९९. आता समीकरणांची अदलाबदल करून तेच गणित तीनच अंकांत करा: क्ष = १, य = १. अंक तेवढेच, यंत्र तेच, फक्त ओळींचा क्रम बदलला. म्हणून प्रत्येक स्तंभात निरपेक्ष किंमतीने सर्वांत मोठी संख्या वर आणायची.

पिव्हट बदलूनही काही मॅट्रिक्स दाद देत नाहीत. पहिल्या ओळीत १, १/२, १/३..., दुसरीत १/२, १/३, १/४... अशी हिल्बर्ट मॅट्रिक्स तयार करा आणि तिचा कंडिशन नंबर छापा, म्हणजे दिलेल्या आकड्यांतली छोटी चूक उत्तरात किती पट होऊ शकते ते सांगणारी संख्या. ५ × ५ साठी तो सुमारे ४.८ × १०^५ येतो, १० × १० साठी १.६ × १०^१३, आणि १२ × १२ साठी १०^१६ च्या वर. ढोबळ हिशेब असा: कंडिशन नंबर १०^क असेल तर सोळापैकी क अंक गेले असं धरा. १० × १० ला जेमतेम तीन अंक हाती राहतात. आणि उत्तर परत समीकरणात टाकलं तर ताळा सुंदर जुळतो! ताळा जुळणं हा इथे पुरावा नाही, म्हणून उत्तराशेजारी कंडिशन नंबर लिहायची सवय लावा.

गाउस-सायडेलमध्ये सुरू करण्याआधी समीकरणांचा क्रम लावा. प्रत्येक ओळीत कर्णावरचा सहगुणक, निरपेक्ष किंमतीने, बाकीच्यांच्या निरपेक्ष किमतींच्या बेरजेपेक्षा मोठा झाला की पद्धत नक्की अभिसरते. पेपरात समीकरणं मुद्दाम उलटसुलट दिलेली असतात, आणि तशीच घेतली तर तिसऱ्या फेरीपासून आकडे हजारांत जायला लागतात.

चौथी पायरी: फरकांच्या सारण्या

सारणीतून मधली किंमत काढण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ज्या-सारणीसाठी (म्हणजे साइनच्या सारणीसाठी) दुसऱ्या फरकापर्यंत जाणारं सूत्र दिलं होतं. आज परीक्षेत या सारण्या हाताने भराव्या लागतात, तेव्हा एक तपासणी उपयोगी पडते. दिलेल्या किमतींपैकी एकच चुकीची उतरवली गेली असेल तर ती चूक चौथ्या फरकांत १, −४, ६, −४, १ या प्रमाणात पसरते. चौथा स्तंभ अचानक वर-खाली नाचताना दिसला तर त्यातला सर्वांत मोठा आकडा ज्या ओळीत आहे, ती मूळ किंमत पुन्हा बघा.

बिंदू वाढवले की अचूकता वाढते, हा समज इथे मोडतो. −१ ते १ मध्ये १/(१ + २५क्ष^२) घेऊन समान अंतरावरच्या बिंदूंतून बहुपदी जोडत जा. बिंदू वाढतात तशी ती टोकांना अधिकच उसळते. हे रुंगेने १९०१ मध्ये दाखवलं. टोकांकडे दाट होत जाणारे चेबिशेव्ह बिंदू घ्या किंवा तुकड्यातुकड्याने स्प्लाइन जोडा.

पाचवी पायरी: पाऊल निम्मं करून बघणं

सबंध सत्रात एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही. सुरुवात अशा गणितापासून करा ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. ० ते पाय साइन क्ष चं इंटिग्रेशन नेमकं २ आहे. ४ भाग केले तर ट्रॅपेझॉइडल १.८९६१ देतं, ८ भागांना १.९७४२, १६ ला १.९९३६. चुका अनुक्रमे ०.१०३९, ०.०२५८, ०.००६४, म्हणजे दर वेळी एक चतुर्थांश. सिम्प्सनचा एक तृतीयांश नियम ४ भागांना २.००४६ देतो, ८ ला २.०००३, आणि चूक दर वेळी साधारण सोळाव्या हिश्शावर येते. हे गुणोत्तर तुमच्या प्रोग्रामची नाडी आहे. ४ किंवा १६ यायला हवं तिथे २ आलं तर कोडमध्ये चूक आहे, उत्तर कितीही बरोबर दिसत असो.

मात्र साइनवर थांबू नका. ट्रॅपेझॉइडलमध्ये दोन्ही टोकांच्या किमती निम्म्या घ्यायच्या असतात. ते विसरलात तरी हे उदाहरण काही बोलणार नाही, कारण दोन्ही टोकांना साइन शून्यच आहे. म्हणून ० ते १ मध्ये ई^क्ष वरही तपासा. ती चूक असेल तर गुणोत्तर लगेच २ वर घसरतं. मग ० ते १ मध्ये क्ष चं वर्गमूळ घ्या. कोड निर्दोष असूनही सिम्प्सनचं गुणोत्तर २.८ च्या आसपासच राहील, कारण शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह अनंत होतो आणि टेलरच्या विस्ताराचा आधारच सुटतो. ही तीन गणितं एका दुपारी करा. विषयाचा अर्धा गाभा त्यांत आहे.

सिम्प्सनच्या एक तृतीयांश नियमाला भाग सम लागतात, तीन अष्टमांश नियमाला तीनच्या पटीत. सारणीत सात किमती दिल्या असतील तर भाग सहा असतात. किमती मोजून त्यांनाच भाग समजण्याची चूक फार होते.

डेरिव्हेटिव्हच्या बाबतीत मात्र पाऊल लहान करत जाण्याला मर्यादा आहे. क्ष = १ ला साइनचा डेरिव्हेटिव्ह पुढच्या फरकाने, म्हणजे (फ(क्ष + ह) − फ(क्ष)) ÷ ह ने, काढा, ह १०^−१ पासून १०^−१६ पर्यंत न्या आणि खऱ्या ०.५४०३०२३ शी ताडून चूक छापा. १०^−८ च्या आसपास चूक सर्वांत कमी होते आणि मग पुन्हा वाढते. १०^−१६ ला उत्तर सरळ शून्य येतं, कारण १ + ह हा यंत्रासाठी १ च राहतो. एकीकडे सूत्राची चूक ह बरोबर घटते, दुसरीकडे राउंडिंगची चूक १/ह प्रमाणे वाढते, आणि दोन्ही जिथे सारख्या होतात तिथे थांबायचं असतं. मध्य फरकाने, म्हणजे (फ(क्ष + ह) − फ(क्ष − ह)) ÷ २ह ने, काढलं तर हा बिंदू १०^−५ च्या जवळ येतो.

सहावी पायरी: डिफरन्शियल इक्वेशन

य′ = य, य(०) = १ घेऊन क्ष = १ पर्यंत जा. ह = ०.१ ला ऑयलर २.५९३७ देतं, चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा २.७१८२८०. खरं २.७१८२८२. रुंगे-कुट्टाला दर पावलाला चार वेळा फलन काढावं लागतं, तरीही ती परवडते.

मग य′ = −५०य घ्या. खरं उत्तर क्षणात शून्याकडे जातं. ह = ०.१ ला ऑयलर मात्र १, −४, १६, −६४ असं उसळत दहाव्या पावलाला दहा लाखांच्या वर पोहोचतं. दर पावलाला १ − ५०ह ने गुणलं जातं, आणि ह ०.०४ पेक्षा लहान नसेल तर तो गुणक ताब्यात राहत नाही. रुंगे-कुट्टा घेतली तरी मर्यादा ०.०५५ च्या आसपासच असते. अशा 'स्टिफ' समीकरणांना अव्यक्त ऑयलर लागते, जिथे दर पावलाला १ + ५०ह ने भागलं जातं आणि ह कितीही मोठा असला तरी उत्तर फुगत नाही. आकडे नागमोडी चिन्ह बदलत फुगायला लागले तर आधी ह निम्मा करून बघा. फुगणं थांबलं तर समीकरण नाही, पाऊल चुकत होतं.

जर्नल, तोंडी परीक्षा आणि पेपर

जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाला चार गोष्टी लिहा: माहीत उत्तराचं एक गणित, दोन-तीन पावलांच्या आकारांना आलेल्या चुका, त्यांचं गुणोत्तर, आणि पद्धत फसते असं एक उदाहरण. तोंडी परीक्षेत विचारतात ते बहुतेक याच चौथ्या गोष्टीबद्दल. 'न्यूटन कधी चालत नाही?' या प्रश्नाला ० आणि १ मध्ये अडकणारं वरचं समीकरण पुरेसं उत्तर आहे.

पेपरात 'चार दशांश स्थळांपर्यंत अचूक' म्हटलं असेल तर मधली पावलं सहा स्थळांनी ठेवा आणि शेवटीच पूर्णांकन करा. दर पावलाला चार स्थळांवर आणलं तर चौथा अंक डळमळतो. फेऱ्या सारणीत मांडा: क्रमांक, अंदाज, फलनाची किंमत, आधीच्या अंदाजाशी फरक. एखादी फेरी चुकली तरी पद्धत तपासणाऱ्याला दिसते.

सत्राअखेरच्या प्रकल्पासाठी मोठं काही लागत नाही. एका मितीतलं उष्णतेचं समीकरण घ्या: एक सळई, दोन्ही टोकं शून्य अंशांवर, सुरुवातीचं तापमान साइनसारखं. याचं नेमकं उत्तर हाताने काढता येतं, म्हणून चूक मोजता येते. साध्या पुढच्या फरकाच्या पद्धतीत अल्फा × वेळेचं पाऊल ÷ (अंतराचं पाऊल)^२ ही राशी ०.५ च्या आत ठेवावी लागते (अल्फा म्हणजे सळईत उष्णता किती वेगाने पसरते तो स्थिरांक). ०.४९ आणि ०.५१ या दोन किमतींना तोच प्रोग्राम बराच वेळ चालवा आणि दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावा. अंतराचं पाऊल निम्मं केलं तर वेळेचं पाऊल चतुर्थांश करावं लागतं, म्हणजे एकूण काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत हवामानाची प्रारूपं चालवणाऱ्यांनाही जाळं बारीक करताना कामाचा असाच वाढता हिशेब मांडावा लागतो, फक्त तिथे मिती तीन असतात.